'मुक्तपतन' या एका शब्दापायी सात आठवडे

कोकणात कुणी ड्रोनवर वजनरहित अवस्थेचे प्रयोग करणार असेल, तर आधी एवढं ऐका: अर्जात 'पतन' हा शब्द लिहू नका. त्या शब्दानं आमचे सात आठवडे खाल्ले. माझा राग अजून गेलेला नाही.

2021 च्या ड्रोन नियमांत शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी सवलत आहे. ग्रीन झोन (ड्रोन नकाशावरचा हिरवा, परवानगी न मागता उडवता येणारा भाग) हवा, जागा आपली किंवा आपल्या ताब्यातली हवी. मग नोंदणी क्रमांक लागत नाही, पायलटचा परवानाही नाही. रत्नागिरीकडचा आमचा सडा विमानतळापासून 12 किलोमीटरच्या बाहेर, नकाशात हिरवा. जमीनमालक काकांनी चहा पितापिता संमती लिहून दिली. किनारा जवळ, म्हणून प्राचार्यांनी स्थानिक ना हरकत पत्र तेवढं आणायला सांगितलं.

तिथे घोडं अडलं.

मी लिहिलं होतं, 'ड्रोन चार सेकंद मुक्तपतन करेल.' ना हरकत देणाऱ्या साहेबांनी शब्दाखाली लाल रेघ मारली. "सर, पडणार हे तुम्हीच लिहून देताय. पडणाऱ्या यंत्राला मी ना हरकत कशी देऊ?"

मी सांगितलं, आंबा देठातून सुटला की जमिनीवर आपटेपर्यंत त्याला वजन नसतं. आम्हाला तेवढाच वेळ हवाय, आपटणं नकोय. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेरा मारला: विम्याची प्रत जोडावी. जोडली. मग अक्षांश-रेखांश अंश-मिनिटांत हवे झाले. दिले. मग साहेब रजेवर. परत आल्यावर नवा शेरा: 'पतनाचे कारण नमूद करावे.' गुरुत्वाकर्षण, दुसरं काय लिहिणार? त्या दिवशी एस.टी. स्टँडवर बसून अक्षरशः डोळ्यांत पाणी आलं. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या.

सुटका एका आलेखानं झाली. शब्द काढून टाकला, 'नियंत्रित उड्डाणपथ' लिहिलं आणि उंची-वेळेचं चित्र जोडलं: 60 मीटरवर सेकंदाला 20 मीटर वेगानं वर, 80 वर टोक, चार सेकंदांनी पुन्हा 60, ब्रेक लागून 40 वर स्थिर. वर फेकलेल्या चेंडूसारखं, चढतानाही वजनरहितच. साहेबांनी 40 वर बोट ठेवलं. "म्हणजे जमिनीला लागत नाही?" नाही लागत. सही झाली. हे चित्र पहिल्याच दिवशी न्या.

सगळं ग्रीन झोनच्या 120 मीटर मर्यादेच्या आत बसतं, म्हणून जास्त उंचीची परवानगी मागत बसू नका.

उड्डाण सकाळी नऊच्या आत उरका, नंतर खारे वारे सुटतात. खाली ताडपत्री अंथरा, जांभ्याची लाल धूळ मोटरीत जाते. आणि चढताना मोटरी बंद करू नका. हवेचा रोध खाली ओढतो, तेवढा जोर द्यावाच लागतो. उतरताना तोच रोध वर ढकलतो, आणि साध्या पंख्यांना खाली जोर देता येत नाही. त्यामुळे चारातले जेमतेम पावणेतीन सेकंद कामाचे. जर्मनीत ब्रेमेनला अशाच प्रयोगांसाठी वस्तू खाली सोडायचा मनोरा आहे; त्यात 110 मीटरच्या नळीतली हवा काढून टाकतात, तेव्हा 4.74 सेकंद मिळतात. त्यापुढे आमचे पावणेतीन मला कमी वाटत नाहीत.

ड्रोनवरच्या पेटीत काचेच्या बारीक नळ्या होत्या, खाली कोकमानं रंगवलेलं पाणी. जमिनीवर ते नळीत बोटाच्या पेराच्याही खालीच थांबायचं. व्हिडिओत ड्रोननं जोर सोडला, पाण्याला खाली ओढणारं वजन गेलं आणि लाल रेघ सरसर वर चढत नळीच्या तोंडापर्यंत गेली. मुलांनी तो तुकडा अकरा वेळा लावला. मीही दर वेळी पाहिला.