कार्डावरचं अर्धं वचन

रविवार, रात्री

भरिताची भांडी घासून झाली. साडीला अजून कपाशीच्या काड्यांचा धूर आहे. झोप येत नाही, कारण दुपारचं माझंच एक वाक्य कानात घोळतंय. "देवानं सांगितलं तर मी कोण मधे बोलणारी?"

चर्चच्या मागे आम्ही बायका वांगी भाजत होतो. नर्सिंग झालेली ती पोर, सुरतेच्या नोकरीचं विचारायला, कार्ड घेऊन आली, ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत ताटातून उचललेलं, नव्या वर्षासाठी बायबलचं एक वचन छापलेलं. "मावशी, बघा ना काय वचन मिळालं. मंग जाऊ ना मी सुरतेला?" मी वाचलं, परत दिलं आणि ते वाक्य बोलले. ती जराशी थांबली. मग कार्ड पर्समध्ये ठेवून पंगतीत वाढायला गेली.

तेव्हा वाटलं, चांगलंच बोलले, नम्रपणे बोलले. संध्याकाळपासून मात्र वाईट वाटतंय. आधी वाटलं ते स्वतःसाठीच. इतकी वर्षं महिला मंडळात शास्त्रपाठ घेतला, आणि शेवटी पोरी विचारतात कुणाला? दोन बोटांच्या कागदाला. जिजी गेल्यापासून तर... जाऊ दे, ते आज नको.

त्या कार्डावर उत्पत्ती २८:१५ होतं, पण अर्धंच. "पाहा, मी तुझ्याबरोबर आहे, जिकडे तू जाशील तिकडे तुझे रक्षण करीन." पुढे त्याच ओवीत देव याकोबाला म्हणतो की मी तुला या देशात परत आणीन. छापणाऱ्याला जागा पुरली नसेल. पण सुरतेला जाऊ का, असं विचारणाऱ्या पोरीच्या हातात "जाशील तिकडे" एवढंच पडलं. "परत आणीन" तिनं पाहिलंच नाही.

घरी येऊन तो सगळा भाग पुन्हा वाचला. याकोब तिथे जाऊ की नको असं विचारत बसलेलाच नाही. तो आधीच निघालाय. भाऊ एसावाच्या रागापासून जीव वाचवायला जा, हे त्याला आईनं सांगितलं. पदन-अरामात मामाकडे जा, हे बापानं सांगितलं आणि आशीर्वाद देऊन पाठवलं. वाटेत रात्र पडली, धोंडा उशाशी घेतला, तेव्हा कुठे ते स्वप्न आणि ते वचन. म्हणजे दिशा घरातल्या माणसांच्या तोंडून आली होती. देवानं दिली ती सोबत. त्या ओवीचा कौल काढून नोकरी ठरवायची म्हणजे सोबतीच्या शब्दाला हुकूम समजायचं.

आणि पुढची वीस वर्षं? मामा लाबानाकडे चाकरी, चौदा त्याच्या दोन मुलींसाठी, सहा कळपासाठी. अध्याय ३१ मध्ये याकोब स्वतः सांगतो की लाबानानं त्याचं वेतन दहा वेळा बदललं. ज्याला "मी तुझ्याबरोबर आहे" हे खुद्द देवानं सांगितलं, त्याचाही पगार मालकानं दहादा फिरवला. वचन मिळालं म्हणून नेमणूकपत्र वाचायचं सोडायचं नसतं. हे तिला सांगायला हवं होतं.

ताटातल्या कार्डांवर माझा राग नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक ओवी मनाशी धरून चालणं चांगलंच आहे, कितीतरी घरांत ती फ्रेममध्ये लावलेली असते. बिघडतं ते तिच्यावर निर्णय टाकल्यावर. कार्डं निवडतानाच चाळणी लागलेली असते, आशीर्वाद तेवढे वर येतात. पहिले थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये "देवाची इच्छा ही आहे" असं उघड लिहिलंय, तुमचं पवित्रीकरण व्हावं, जारकर्मापासून दूर राहावं. ते आमच्या ताटात मी कधी पाहिलं नाही. दुसरं असं की ओवी मागच्या-पुढच्यापासून तुटते, कोण कुणाला कधी बोललं ते कळत नाही. आणि मनात जे आधीच ठरलंय, त्याचाच होकार माणूस तिच्यात वाचतो. हे तिसरं सगळ्यात वाईट.

यिर्मया ४२ मध्ये हेच झालंय. यरुशलेम पडल्यावर मागे उरलेले लोक यिर्मया संदेष्ट्याकडे येतात, देवाला विचार, बरं असो वाईट असो आम्ही ऐकू, अशी शपथ घेतात. उत्तर यायला दहा दिवस लागतात. उत्तर येतं, इथेच राहा. आणि ते यिर्मयालाच खोटा ठरवतात. का, तर एक अध्याय मागे गेलं की दिसतं, ते मिसरला (इजिप्तला) निघून बेथलेहेमाजवळ थांबलेलेच होते. सामान बांधून झाल्यावर विचारलेला प्रश्न होता तो.

चिठ्ठीचं म्हणाल, तर यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या हे खरं. पण त्याआधी पेत्रानं अट घातली होती की योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो बरोबर होता त्यातूनच निवडायचा. त्या अटीत दोघं बसले, प्रार्थना झाली, मग चिठ्ठी. पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा आला, आणि त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत मंडळीनं चिठ्ठी टाकून काही ठरवल्याचं दिसत नाही. १५:२८ मध्ये यरुशलेमेतले लोक लिहितात की पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले. तेही भरपूर वादविवाद झाल्यावर. देवाकडे खूण मागायला गिदोनानं रात्री ठेवलेली लोकरही लोक उगाच पुढे करतात. काय करायचं ते देवानं त्याला आधीच सांगितलं होतं, लोकर त्याच्या भीतीसाठी होती. दुसऱ्या खेपेला मागताना तो स्वतःच म्हणतो, माझ्यावर रागावू नको.

"शांती मिळाली" हे आमच्याकडचं दुसरं माप. याफोला योनाला तार्शीशचं जहाज लगेच मिळालं, भाड्याचे पैसेही होते, आणि वादळात तो तळाशी गाढ झोपला होता. दार उघडं, पैसे तयार, झोप शांत, आणि माणूस देवापासून पळतोय. गेथशेमाने बागेत प्रभूला कुठली शांत झोप? शांतीला किंमत आहे, पण बाकीचं तपासून झाल्यावर.

बाकीचं म्हणजे काय, हे मला तोंडपाठ आहे आणि मी ते दुपारी सांगितलं नाही. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरनं (१८०५–१८९८) आपली रीत लिहून ठेवलीय. आधी मन त्या बाबतीत रिकामं करायचं, हे की ते, दोन्ही चालेल इथवर आणायचं. दहातल्या नऊ अडचणी इथेच संपतात, असं तो म्हणतो. नुसत्या भावनेवर सोडायचं नाही. आत्म्याची इच्छा वचनाला धरून शोधायची, एकाशिवाय दुसरं घेतलं की फसगत. मग परिस्थिती बघायची. देवाला मागायचं. आणि शेवटी डोकं चालवून ठरवायचं. ठरलेलं आणखी दोनतीनदा प्रार्थनेत ठेवूनही मन शांत राहिलं तर पाऊल टाकायचं. शांतीची जागा तिथे, अगदी शेवटी.

लोयोलाचा इग्नेशियस (१४९१–१५५६) कॅथलिक संत, म्हणून आमच्यात त्याचं नाव कुणी काढत नाही, पण त्याच्या दोन गोष्टी सोन्यासारख्या आहेत. मन कोरडं, उदास असताना आधीचा निर्णय फिरवायचा नाही. आणि अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल, तेच स्वतःला सांगायचं. कागदावर जाण्याचे फायदे-तोटे, राहण्याचे फायदे-तोटे, असे चार रकाने करायचे. ओळी मोजायच्या नाहीत, कुठली ओळ जड आहे ते बघायचं.

पारसाच्या राजाच्या चाकरीतल्या नहेम्यानं यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी किस्लेव महिन्यात ऐकली आणि राजापुढे तोंड उघडलं निसान महिन्यात. सुमारे चार महिने उपास आणि प्रार्थना. राजानं "काय पाहिजे?" म्हटल्याबरोबर त्यानं आणखी एकदा मनात प्रार्थना केली आणि मग सगळं सांगितलं, किती दिवस लागतील, कुठल्या अधिकाऱ्यांना पत्रं हवीत, लाकूड कुणाकडून. प्रार्थनेच्या चार महिन्यांत त्याचं हे गणितही झालं होतं.

तिचंही गणित करायला हवं. बॉन्ड (नोकरी सोडणार नाही असा करार) किती वर्षांचा, मधेच सोडलं तर किती भरायचे. जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का (घेत असतील तर तिथेच नाही म्हणायचं). ड्यूटी आठ तासांची की बाराची, महिन्यात रात्रपाळ्या किती. हातात पगार किती आणि खोलीचं भाडं कापून किती. नर्स म्हणून नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आहे, गुजरातच्या कौन्सिलकडे नोंद करायची तर खर्च कुणाचा. रविवारी उपासनेला जाता येईल का, मराठी मंडळी जवळ आहे का. आणि इथे आईच्या डोळ्यांचं कोण बघणार. याला कुणी अविश्वास म्हणू नये. नीतिसूत्रे १५:२२ मसलत घ्यायलाच सांगतं.

आणि मी मसलत दिली नाही. लिहिता लिहिता तेच पुन्हा पुन्हा समोर येतंय. संध्याकाळी मी रुसले होते की पोरी कागदाला विचारतात. पण ती कार्ड घेऊन आली कुणाकडे? माझ्याकडेच ना. कार्डावरच भागलं असतं तर धुरात डोळे चोळत माझ्याशेजारी कशाला उभी राहिली असती? "जाऊ ना मी?" हा प्रश्न होता, आणि मी त्याला देवाचं नाव लावून परत पाठवला.

का, तेही लिहून टाकते. तिनं जाऊ नये असं मला वाटतं. तसं म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं, आणि माझं कारण देवाचं नव्हतं, माझंच होतं. दर रविवारी पुढच्या बाकावर तीच तर... म्यूलरचं मन रिकामं करणं सल्ला विचारणाऱ्याइतकंच सल्ला देणाऱ्यालाही लागतं, हे मी आजवर कुणाला शिकवलं नव्हतं.

प्रेषितांची कृत्ये २१ उघडून बसलेय. सोरमध्ये शिष्य आत्म्याच्या सांगण्यावरून पौलाला म्हणतात, यरुशलेमेस जाऊ नको. कैसरीयात अगब संदेष्टा पौलाचा कमरबंद घेऊन आपलेच हातपाय बांधून दाखवतो, तुला तिथे असंच बांधतील म्हणून. सगळे रडतात, विनवतात. हे लिहिणारा लूकही त्यांच्यात आहे, "आम्ही" असंच लिहितो. पौल ऐकत नाही, तेव्हा ते गप्प होतात आणि म्हणतात, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. जे वाटत होतं ते सगळं बोलून झाल्यावर हे वाक्य आलं. मी सुरुवातच त्या वाक्यानं केली आणि पुढे काही बोलायला जागाच ठेवली नाही.

मन आता बरंच हलकं आहे. ती गेली तरी नवापूरमार्गे एसटी आहे, सणाला येईल. याकोबासारखी वीस वर्षं लावणार नाही.

बुधवारची घरप्रार्थना तिच्याकडेच आहे. अर्धा तास आधी जाईन. उत्पत्ती २८ आणि ३१ दोन्ही तिच्याकडूनच वाचून घेईन, मग वहीत चार रकाने. मला काय वाटतं तेही सांगेन, माझं म्हणूनच सांगेन. नेमणूकपत्र काढून ठेव, असा निरोप सकाळीच फोनवर द्यायचा. बॉन्डचं पान त्यात आहे का, ते आधी बघू.