झोप कोणाची, शाळा कोणाची

शाळा किती वाजता भरते हा प्रश्न दिसायला शाळेचा असतो, पण खरं तर तो कुकर कधी लावायचा, गिझर कोणासाठी आधी चालू करायचा, सासूबाईंचा चहा कधी आणि नवऱ्याची लोकल कुठली याचा प्रश्न असतो. घरातली बाकी सगळी घड्याळं या एका वेळेवर लावलेली असतात आणि ती वेळ हलवायचा अधिकार मात्र घरातल्या कोणालाच नसतो.

आमच्याकडे ती हलली 2024 च्या जूनमध्ये. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस एका कार्यक्रमात म्हणाले होते की मुलं हल्ली रात्री उशिरापर्यंत जागी असतात आणि शाळेसाठी भल्या पहाटे उठतात, त्यांची झोप पुरी होत नाही, तेव्हा शाळांच्या वेळा बदलायचा विचार करा. आता राज्यपालांनी सुचवलेल्या किती गोष्टी प्रत्यक्षात होतात ते आपण सगळेच जाणतो, पण ही झाली आणि पटकन झाली. 8 फेब्रुवारी 2024 ला जीआर म्हणजे सरकारी आदेश निघाला, पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवायचे नाहीत. आईवर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी होती. मी पण तीन फुलं आणि दोन हात जोडलेले टाकले.

माहेरी फोन केला तर आई म्हणाली, "मग यात नवीन काय?" बरोबरच आहे तिचं. आमच्या गावातली झेडपीची शाळा कायमच साडेदहाला भरते, फक्त शनिवारी सकाळची आणि उन्हाळा तापायला लागला की सकाळची, आणि ती सकाळची शाळा सुरू झाली की आम्हाला कोण आनंद व्हायचा कारण अकरापर्यंत सुटून पुढे अख्खा दिवस मोकळा. म्हणजे पहाटे सातला पोरं शाळेत ढकलायची हौस ही मुळात शहरांची, आणि ती पण हौस नाही, जागेची टंचाई. एकच बिल्डिंग, दोन अधिवेशनं. एक सकाळचं, एक दुपारचं. वर आरटीई म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा सांगतो पहिली ते पाचवीला वर्षाचे 800 तास शिकवा आणि सहावी ते आठवीला 1000 तास, मग एका बिल्डिंगमध्ये दोन शाळा बसवायच्या तर पहिली कोंबडं आरवायलाच सुरू करायला लागणार ना.

तर आमच्या शाळेने काय केलं. जूनच्या आधी छोटे सकाळी 7 ला जायचे आणि मोठे दुपारी. जीआर आल्यावर शाळेने सरळ अदलाबदल केली, मोठे सकाळी 7 ला आणि छोटे दुपारी साडेबाराला. 9 च्या आधी नको म्हणालात ना, घ्या, साडेबारा! कागदावर सगळं चोख आहे, कोणी बोट ठेवू शकत नाही.

आमचा धाकटा तेव्हा तिसरीत होता आणि त्याची गंमत अशी की तो झोपत नाही. म्हणजे शाळा 7 ची होती तेव्हा त्याला उठवायला ढोल वाजवायला लागायचा आणि आता दुपारची झाली तर हा बाबा साडेसहाला आपणहून उठून हॉलमध्ये कॉट ते सोफा उड्या मारतोय. आम्ही दोघं आठच्या आत घर सोडतो, डोंबिवलीहून जायचं म्हणजे नेहमीची लोकल गेली की दिवसच गेला, त्यामुळे सकाळी साडेसहा ते दुपारी बारा हे साडेपाच तास पूर्णपणे सासूबाईंच्या वाट्याला आले. वय वर्षं सत्तर. गुडघे दुखरे. जीआरमध्ये आज्यांचा उल्लेख नव्हता पण राबवला तो त्यांनीच. एक मात्र कबूल करायला हवं, पोरगा आता दुपारी गरम वरणभात खाऊन शाळेत जातो, पूर्वीसारखा गार पोळीभाजीचा डबा अर्धा परत येत नाही, आणि आजीबरोबर बसून कोथिंबीर निवडता निवडता त्याचे पाढे पंधरापर्यंत गेलेत. हे माझ्याच्याने झालं नसतं.

पुण्यात बहिणीच्या मुलीची शाळा खरोखरच 9 ची झाली, तिची वेगळी तऱ्हा. 9 ला शाळा म्हणजे बरोबर ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये. पूर्वी व्हॅनवाले काका पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावरून पहिली ट्रिप टाकून, मुलं उतरवून, दुसऱ्या शाळेच्या मुलांना घ्यायला जायचे, आता दोन्ही शाळा एकाच वेळी भरतात तर एका गाडीत दोन ट्रिपा होणार कशा? काकांनी महिन्याचे पैसे वाढवले. त्यांचं काय चुकलं? जीआर निघाला तेव्हा स्कूल बसवाल्यांच्या संघटनेने हेच ओरडून सांगितलं होतं, पण मुलांच्या झोपेपुढे बसवाल्याचं गाऱ्हाणं ऐकणार कोण.

पण मला खरा राग येतो तो थोरलीच्या बाबतीत. ती आता नववीत आहे, चौदा वर्षांची, आणि सकाळी पावणेसहाला उठते. उठते म्हणजे उठवली जाते. डोळे बंद ठेवून दात घासणारी मुलगी मी रोज बघते. क्लास सुटतो रात्री साडेआठला, घरी येऊन जेवण, होमवर्क, थोडा मोबाइल (थोडा असं ती म्हणते), अकरा सहज वाजतात. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात, हिशोब तुम्हीच करा. आणि लवकर झोप लवकर झोप असं ओरडून उपयोग नसतो कारण वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, ती आळशी नाहीये तिला दहाला झोपच येत नाही. जगभर शाळा उशिरा भरवा म्हणून जो आरडाओरडा चालू आहे तो मुख्यतः या वयासाठी आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं की मिडल आणि हायस्कूल साडेआठच्या आत भरवू नका, कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये कायदा केला, 2022 पासून तिथे हायस्कूल साडेआठच्या आधी भरवता येत नाही आणि मिडल स्कूल आठच्या आधी नाही. आणि आपण काय केलं, उशिराची वेळ दिली चौथीपर्यंतच्यांना, जे रविवारी सुद्धा साडेसहाला उठून आपल्या पोटावर बसतात, आणि जिथे दोन अधिवेशनं आहेत तिथे त्यांच्या बदल्यात मोठ्यांना पहाटे काढलं. घरातली एकूण झोप होती तेवढीच राहिली, फक्त एकाची उचलून दुसऱ्याला दिली, आणि ज्याला दिली त्याला ती नकोच होती.

तिकडेही सगळं सुरळीत आहे असं नाही हां. फ्लोरिडाने 2023 मध्ये असाच कायदा केला आणि लागू व्हायच्या आतच 2025 मध्ये मागे घेतला. अडचण काय, तर बस, ड्रायव्हर आणि खर्च. आमच्या बहिणीच्या व्हॅनवाल्या काकांना हे सांगायला हवं, बरं वाटेल त्यांना.

यात अजून एक भानगड आहे जी कोणी बोलत नाही, ती म्हणजे सूर्य. आपली देशाची वेळ ठरते ती पार उत्तर प्रदेशातून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर, आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला. मुंबईचा स्वतःचा वेगळा टाइम होता पूर्वी, देशाच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं मागे, आणि 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईत तो पुढे कित्येक दशकं वापरात होता, लोक सोडायला तयार नव्हते. हट्टीपणा वाटेल पण जानेवारीत सकाळी पावणेसातला बसस्टॉपवर मुलीबरोबर उभं राहून बघा. इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो! म्हणजे जन गण मन होऊन पहिला तास सुरू झाला तरी बाहेर सूर्य नाही. जुन्या मुंबई टाइमने बघितलं तर सातची शाळा सहा वाजून एकवीस मिनिटांची होते. नागपूरला उजाडतं आमच्या आधी वीसेक मिनिटं, जीआर मात्र दोघांना एकच.

आणि रात्रीचं कोणी काही करत नाही. मुलं उशिरा झोपतात कारण आम्ही उशिरा येतो. मी आठला पोचते, नवरा साडेआठ पावणेनऊ, मग जेवणं, मग दिवसभर आई न दिसलेला पोरगा दहापर्यंत मला सोडत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही त्याला सोडवत नाही. गंमत म्हणजे राज्यपाल शाळांना वेळ बदला म्हणाले त्याच सुमाराला मध्य रेल्वे मुंबईतल्या ऑफिसांना पत्रं पाठवत होती, गर्दी विभागली जावी म्हणून तुमच्या वेळा बदला. शाळांना जीआर, ऑफिसांना विनंतीपत्र. आमच्या ऑफिसात ते पत्र आलं असेल तर कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे कोणास ठाऊक, मी तरी अजून साडेनवालाच पंच करते. मला विचाराल तर एकाच घरातल्या चार वेळा चार वेगवेगळी खाती ठरवतात आणि त्यांची एकमेकांशी ओळखच नाही.

पालकसभेत मी हे बोलले. मोठ्यांना साडेसातला तरी बोलवा म्हटलं. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे वेळापत्रक समोर ठेवलं, अर्धा तास पुढे सरकवला तर छोट्यांची शाळा पावणेसहाला सुटेल, थंडीत अंधार पडतो, व्हॅनवाले तयार नाहीत, संध्याकाळी सहाला हॉल क्लासवाल्यांना दिलाय. मागून एक बाबा म्हणाले, "अहो आमचा क्लास पण सहाचा आहे, तेवढं बघा." संपला विषय.

आता धाकटा चौथीत आहे. पाचवी आमच्याकडे मोठ्यांत धरतात, म्हणजे येत्या जूनपासून तो साडेबारावरून थेट सातवर येणार, आणि उशिरा झोपायचं वय सुरू व्हायला मग फार वर्षं उरलेली नाहीत. सासूबाई आत्तापासून सांगतायत की त्याला हळूहळू लवकर उठायची सवय लावा, मी म्हटलं आई तो उठलेलाच असतो, त्या म्हणाल्या हो पण शाळा म्हटलं की नाही उठणार बघ. ते तो सोफ्यावरून ऐकत होता, त्याने विचारलं की मी चौथीत नापास झालो तर दुपारची शाळा राहील का. थोरली उशीत तोंड घालून पडली होती, तिथूनच म्हणाली, "राहील. मला पण घे चौथीत."