नागिणीनंतरची वेदना आणि रात्रीची छोटी गोळी

गेल्या वर्षी पावसाळ्यात मला नागीण झाली. डाव्या बाजूला पाठीपासून छातीखालपर्यंत पुरळ उठले, फोड आले, यथावकाश वाळले आणि खपल्याही पडल्या. वेदना मात्र गेली नाही. त्या वेदनेसाठी मी आजही रोज रात्री ॲमिट्रिप्टिलीन नावाची गोळी अगदी अल्प मात्रेत घेते. हे औषध मुळात नैराश्यावरचे म्हणून ओळखले जाते आणि त्यामुळेच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. हीच गोळी अर्धशिशी, पोटाच्या जुन्या तक्रारी, मधुमेहामुळे होणारी पायांची आग अशा कितीतरी शारीरिक दुखण्यांवर दिली जाते आणि इंटरनेटवर तिचे वर्णन वाचून अनेक जण ती पहिल्या आठवड्यातच बंद करतात.

ज्याने ही वेदना अनुभवलेली नाही, त्याला ती समजावून सांगणे कठीण आहे. तिथे जखम दिसत नाही, सूज नसते, त्वचेवर फिकट डागांपलीकडे काही उरलेले नसते. तरीही पदराचा काठ त्या जागेवरून सरकला तरी अंगात वीज गेल्यासारखे होई. ब्लाउजची शिवण सहन होत नसे, पंख्याचा वारासुद्धा टोचत असे. विचित्र गोष्ट अशी की तळहात घट्ट दाबून धरला तर बरे वाटे आणि हलका स्पर्श झाला तर जीव कासावीस होई. म्हणून मी जुन्या सुती लुगड्याची घडी त्या जागेवर ठेवून वरून पट्टा बांधत असे. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते जराही आश्चर्यचकित झाले नाहीत. बिघडलेल्या नसा साध्या स्पर्शाचा संदेशही वेदना म्हणून पोहोचवतात, हे या आजाराचे ठरलेले लक्षण आहे, असे त्यांनी सांगितले आणि कित्येक आठवड्यांनी मला प्रथमच वाटले की समोरच्या माणसाला माझे दुखणे कळले आहे.

नागिणीविषयी आपल्याकडे समजुती पुष्कळ आहेत. तिचे तोंड आणि शेपूट जुळले, विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला झाली तेव्हाही गेरूचा लेप लावण्यापासून मंत्र घालून घेण्यापर्यंतचे सल्ले आले. वास्तविक लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जारज्जूलगतच्या नसांच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे सुप्त राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर एखाद्या नसेच्या वाटेने पुन्हा वर येतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूला पसरलेली असल्यामुळे पुरळ सहसा मध्यरेषा ओलांडत नाही आणि विळख्याची भीती निराधार ठरते. पुरळ दिसल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर आजार लवकर आटोक्यात येतो. पन्नाशीनंतर घेण्याची लसही 2023 पासून भारतात मिळू लागली आहे. पुरळ गेल्यावर तीन महिन्यांनीही दुखणे राहिले तर त्याला नागिणीनंतरची मज्जातंतूवेदना म्हणतात, आणि ती होण्याचा धोका वयाबरोबर वाढत जातो.

नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी मला काडीचाही फरक पडला नाही. त्याचे कारण नंतर समजले. त्या गोळ्या प्रामुख्याने सूज आणि दाहामुळे होणाऱ्या दुखण्यावर काम करतात आणि इथे दोष खुद्द वेदनेची वार्ता वाहून नेणाऱ्या तंतूंमध्येच होता. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी हृदयाचा आलेख काढायला लावला, काचबिंदू आहे का, लघवीला अडथळा होतो का, आणखी कोणती औषधे चालू आहेत, हे सगळे विचारून घेतले आणि मग दहा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. चिठ्ठी माझ्या हातात देण्याआधी ते जे बोलले, ते मला शब्दशः आठवते. “घरी गेल्यावर कोणीतरी या औषधाचे नाव शोधेल आणि तुम्हाला सांगेल की हे डिप्रेशनचे औषध आहे. ते खरे आहे, पण मी तुम्हाला ते त्यासाठी देत नाही. तुमचे दुखणे खरे आहे आणि ते नसेचे आहे. डिप्रेशनला याच्या कितीतरी पट जास्त मात्रा लागते.”

घरी तसेच घडले. लेकीने मोबाइलवर नाव टाकले आणि म्हणाली, “आई, अगं ही तर डिप्रेशनची गोळी आहे!” दुसऱ्या दिवशी मोठ्या जाऊबाईंचा फोन आला, “तुला कसलं गं टेन्शन? सगळं तर छान चाललंय.” त्यांच्या मनात माझ्याविषयी काळजीच होती, हे मला माहीत आहे. तरीही तो प्रश्न मला फार लागला, कारण त्यात दोन गोष्टी गृहीत होत्या. एक म्हणजे माझे दुखणे मनाचे असावे आणि दुसरी म्हणजे मनाचे दुखणे असणे ही काहीतरी लपवण्याजोगी गोष्ट आहे. यातली पहिली माझ्या बाबतीत खोटी होती आणि दुसरी कोणाच्याच बाबतीत खरी नाही. ज्यांना नैराश्यासाठी ही औषधे घ्यावी लागतात, त्यांच्यापासून अंतर राखून स्वतःची सोडवणूक करून घ्यावी, असे मला कधी वाटले नाही. एवढेच वाटले की ज्या कारणासाठी औषध दिले आहे, ते कारण लोकांनी समजून घ्यावे.

या औषधांचा इतिहास वाचला तेव्हा ते अधिक स्पष्ट झाले. ॲमिट्रिप्टिलीनच्या गटातले पहिले औषध इमिप्रामीन. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलंड कून यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिले. तिथे अपेक्षित गुण आला नाही, पण नैराश्यात त्याचा उपयोग होतो असे त्यांच्या लक्षात आले आणि 1957 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे जी ओळख आपण या औषधांना चिकटवून ठेवली आहे, ती ओळखसुद्धा एका वेगळ्याच शोधात असताना लाभलेली आहे. पुढे हेच इमिप्रामीन अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांनाही दिले जाऊ लागले. त्या मुलांना कोणी निराश म्हटले नाही.

वेदनेवरचा परिणाम मनःस्थिती सुधारल्यामुळे होतो की स्वतंत्रपणे, हा प्रश्न संशोधकांनी जुन्या काळातच विचारला होता. कॅनडात वॉटसन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये नागिणीनंतरच्या वेदनेच्या 24 रुग्णांवर ॲमिट्रिप्टिलीन आणि बिनऔषधी गोळी यांची तुलना केली. त्यांपैकी 16 जणांना चांगला गुण आला आणि बहुतेकांच्या बाबतीत नैराश्याच्या मोजमापात काही बदल झालेला नव्हता. त्यानंतर 1987 मध्ये अमेरिकेत मिचेल मॅक्स यांनी मधुमेही रुग्णांच्या नसांच्या वेदनेवर असाच अभ्यास केला. त्यात तुलनेसाठी दिलेली गोळीसुद्धा तोंड कोरडे पाडणारी आणि गुंगी आणणारी होती, जेणेकरून आपण नेमके काय घेत आहोत हे रुग्णाला ओळखता येऊ नये. तरीही ॲमिट्रिप्टिलीन सरस ठरले आणि ते निराश असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांत. हे अभ्यास लहान होते आणि त्यांतील मात्रा माझ्या मात्रेपेक्षा बरीच जास्त होती. माझ्यापुरता मात्र जाऊबाईंच्या प्रश्नाला त्यांत उत्तर होते.

औषध काम कसे करते, तेही डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून दाखवले. वेदनेचे संदेश शरीराकडून मज्जारज्जूमार्गे मेंदूकडे चढतात, हे आपण शाळेत शिकतो. पण मेंदूच्या तळाकडून खाली उतरणारेही तंतू असतात आणि ते वर येणाऱ्या संदेशांना मज्जारज्जूतच आवर घालतात. या उतरत्या वाटेवर नॉरॲड्रिनलिन आणि सेरोटोनिन ही रसायने लागतात. ॲमिट्रिप्टिलीन ती रसायने पेशींमध्ये परत शोषली जाण्याचे प्रमाण कमी करते, त्यामुळे आवर घालण्याचे काम अधिक जोमाने होते. त्याशिवाय बिथरलेल्या नसांमधील सोडियमच्या वाटाही ते काही अंशी अडवते.

पहिल्या दिवसांत मला औषधाचा त्रास आधी जाणवला, गुण नंतर. सकाळी डोके जड असे आणि नऊ वाजेपर्यंत डोळ्यांवर झापड राही. तोंड इतके कोरडे पडे की पोळीचा घास पाण्याशिवाय गिळवत नसे. गोळी झोपताना घेण्याऐवजी रात्री आठच्या सुमारास घ्या, म्हणजे सकाळची गुंगी ओसरेल, असे डॉक्टरांनी सुचवले आणि तेवढ्या बदलाने खरोखर फरक पडला. कोरड्या तोंडासाठी मी पाण्याची बाटली जवळ ठेवू लागले. गोड गोळ्या चघळणे मात्र टाळले, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. बद्धकोष्ठासाठी इसबगोल सुरू केले. रात्री उठताना एकदम उभे न राहता आधी काठावर बसायचे, ही सूचना मी अजूनही कटाक्षाने पाळते, कारण या औषधाने रक्तदाब एकाएकी खाली येऊ शकतो आणि आमच्या वयात पडणे परवडत नाही.

आधी झोप सुधारली. रात्री तीन-तीनदा जागी होणारी मी सलग झोपू लागले आणि तेवढ्यानेच दिवस सुसह्य झाला. वेदना कमी होऊ लागली ती काही आठवड्यांनी, मात्रा दहावरून वीस मिलिग्रॅम केल्यावर. ती एके दिवशी थांबली असे झाले नाही. धुतलेले कपडे वाळत घालून मी घरात आले आणि लक्षात आले की हात वर करताना पदर त्या जागेवरून अनेकदा सरकला होता आणि माझे तिकडे लक्षच गेले नव्हते. दहापैकी किती दुखते, या डॉक्टरांच्या नेहमीच्या प्रश्नाला मी पूर्वी आठ म्हणत असे, आता तीन किंवा चार म्हणते. वेदना आहे, थंडीत वाढतेही, पण दिवसभराचा ताबा तिच्याकडे राहिलेला नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हे औषध सर्वांना लागू पडत नाही. नसांच्या वेदनेत चांगला गुण येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांची संख्याच अधिक असते. माझ्या मावसबहिणीला अर्धशिशीसाठी हीच गोळी दिली होती. तिचे झटके कमी झाले, पण वजन वाढले आणि सकाळची सुस्ती जाईना, म्हणून तिला नॉरट्रिप्टिलीनवर आणले. ॲमिट्रिप्टिलीनचे शरीरात जे रूपांतर होते, तेच हे औषध, आणि त्याने गुंगी व कोरडेपणा तुलनेने कमी होतो. पोटाच्या तक्रारींविषयी अलीकडचा महत्त्वाचा अभ्यास इंग्लंडमधला आहे. आयबीएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आतड्यांच्या विकाराच्या 463 रुग्णांना फॅमिली डॉक्टरांमार्फतच दहा ते तीस मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीन किंवा बिनऔषधी गोळी सहा महिने देण्यात आली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत औषध घेणाऱ्यांच्या लक्षणांत अधिक सुधारणा दिसली. त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडली. रुग्णांना एक माहितीपत्रक देऊन त्रास व गुण पाहून मात्रा स्वतः कमीजास्त करण्याची मुभा होती.

मला खरी तक्रार करायची आहे ती न बोलता दिलेल्या चिठ्ठीविषयी. आपल्याकडे प्रीगाबालिन हे नसांच्या वेदनेवरचे दुसरे औषध आणि नॉरट्रिप्टिलीन एकत्र असलेल्या, कधी त्यात बी-12 सुद्धा घातलेल्या गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. रुग्णाला त्या ‘नसांच्या गोळ्या’ किंवा ‘ताकदीच्या गोळ्या’ एवढ्याच माहीत असतात. माझ्या ओळखीतल्या एका काकांना प्रोस्टेटचा त्रास होता आणि अशी गोळी सुरू झाल्यावर लघवी तुंबली. त्या गोळीत काय आहे, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असणाऱ्यांना ही औषधे जपून द्यावी लागतात. ट्रॅमाडॉलसारखे वेदनाशामक सोबत चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे लागते, कारण दोन्ही मिळून आकडी येण्याचा आणि सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका असतो. शिवाय अल्प मात्रेत सौम्य असलेले हे औषध जास्त प्रमाणात पोटात गेले तर हृदयावर घातक परिणाम करते. म्हणून आमच्याकडे नातू राहायला येतो तेव्हा ती पट्टी कपाटात कुलपाआड असते. हे सगळे सांगायला डॉक्टरांना पाच मिनिटे लागतात. मला ती पाच मिनिटे मिळाली म्हणून मी लेकीच्या मोबाइलवरचा मजकूर वाचूनही औषध चालू ठेवले. ज्यांना ती मिळत नाहीत, त्यांनी ती हक्काने मागावीत.

ही सवयीची गोळी आहे का, असे मला अनेक जण विचारतात. झोपेच्या काही गोळ्यांची जशी ओढ लागते, तशी हिची लागत नाही. तथापि ती एकदम बंद केली तर मळमळ, डोकेदुखी, झोपमोड असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे मात्रा हळूहळू उतरवावी लागते. थंडी सरल्यावर वीसवरून दहावर यायचे आणि काही आठवडे वेदना कशी राहते ते पाहायचे, असे आमचे ठरले आहे. वाढली तर पुन्हा वीस, नाही तर पुढचा विचार. डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. तीत मी रोज रात्री दुखण्याचा आकडा, झोप आणि पोट साफ झाले की नाही, एवढे तीन रकाने भरते आणि दर भेटीत तीच वही त्यांच्यापुढे ठेवते.