आमची वाटचाल : रंग वजनावर, पाणी मापात

आम्ही रंगीत काँक्रीटची अंगणं आणि पायवाटा ओततो. एका मंगल कार्यालयाच्या अंगणाचं नक्की काय झालं होतं, हे नवं गिऱ्हाईक आजही पहिल्याच भेटीत विचारतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अंगण मोठं, रंग विटकरी. ऑक्साइड (काँक्रीटमध्ये मिसळायची रंगाची पूड) आणि मजुरी आमची, सिमेंट-वाळू मालकाची, असं ठरलं होतं. निम्मं अंगण ओपीसीत, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटात झालं आणि मालकाने स्वस्त मिळालं म्हणून न सांगता पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या गोण्या उतरवल्या. राखेच्या सिमेंटचा मूळ रंगच निराळा. वर ऑक्साइड कितीही चोख तोला, शेड जुळत नाही. आमच्या मिस्त्रींनी पहिली गोणी फोडताच ओळखलं आणि काम थांबवायला सांगितलं. पण लग्नसराई तोंडावर आलेली. मालकाने हट्टाने तेच ओतून घेतलं.

पावसाळा सरला आणि अंगणावर पांढरा खार फुटला. नव्या काँक्रीटमधला चुना ओलाव्याबरोबर वर येतो, हवा लागली की पांढरा पडतो. करड्या कोब्यावर तो कुणाच्या लक्षातही येत नाही, विटकरीवर लांबून दिसतो. गावातल्या दुसऱ्या एका ठेकेदाराने मालकाच्या कानात भरवलं, की यांनी होळीचा रंग कालवलाय, तो उडाला. मी मालकासमोर उकिडवा बसलो, जागा पाण्याने भिजवली, पातळ केलेल्या ॲसिडचे थेंब पांढऱ्या डागावर सोडले. फेस आला, लगेच पाण्याने धुतलं, आणि खालून तोच विटकरी रंग जसाच्या तसा वर आला. चार माणसांनी पाहिलं. तरी बिल अडलं ते अडलंच.

त्या ठेकेदाराने मग अंगणावर वरून पेंट मारून दिला. टेम्पोच्या चाकांखाली त्याचे पोपडे निघाले, पण नाव खराब झालं ते आमचं. ठरलेली कामं फिरली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हौसेने बनवून घेतलेला मिक्सर विकावा लागला, पतसंस्थेचे हप्ते थकले. दोन गोष्टी मात्र विकल्या नाहीत: वजनकाटा आणि मॅग्नेशियमचा फ्लोट, म्हणजे ओलं काँक्रीट सपाट करायचं हत्यार.

त्या दिवसांत काम दिलं ते कराड-पाटण रस्त्यावरच्या नर्सरीवाल्या ताईंनी. त्यांनी एकच अट घातली, "आधी नमुना दाखवा, बाकी लोक काय म्हणतात ते मला सांगू नका." दोन फूट बाय दोन फुटांच्या लाद्या कामाला लागणार त्याच सिमेंटच्या, त्याच वाळूच्या ओतून दिल्या. ताईंनी त्या पूर्ण सुकू दिल्या, कारण ओलं काँक्रीट नेहमी गडद दिसतं आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं. मग पिवळट मातकट शेड निवडली. त्यांच्या पायवाटा पाहून पुढची कामं आली. नंतरची वर्षं कामातच गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

नव्या मुलांना मात्र सांगतो. पन्नास किलोच्या गोणीला अडीच किलो ऑक्साइड, म्हणजे पाच टक्के, बहुतेक रंगांना पुरतं. दहा टक्क्यांच्या पुढे रंग चढत नाही, ताकद मात्र उतरते. ऑक्साइड घमेल्याने नाही, काट्यावर तोला. आधी खडी, वाळू, थोडं पाणी आणि ऑक्साइड फिरवा, गुठळी मोडली की मग सिमेंट टाका. काळ्यासाठी स्वस्त काजळी घेऊ नका, पावसात धुपते. लोह ऑक्साइडचा काळाच घ्या. फिक्या शेडला पांढरं सिमेंट लागतं, खर्च बघून रडू नका.

पाणी प्रत्येक घाणीला, म्हणजे एका वेळी कालवलेल्या मालाला, सारखंच. एक घाणी पातळ झाली की तेवढा चौकोन फिका पडतो आणि कायम तसाच राहतो. वर तरंगलेलं पाणी जिरू द्या. मगच हात लावा. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरणारा मिस्त्री आमच्याकडे टिकत नाही. वरून पाणी शिंपडून थापी मारणाराही नाही. पोलादी थापी जास्त घासली तर काळपट डाग पडतात, म्हणून बाहेरच्या कामाला फ्लोट फिरवून झाडूची रेघ देतो. पाय घसरत नाही आणि रंगही एकसारखा दिसतो. ओलं गोणपाट अंथरून रंगीत काँक्रीट पिकवू (ओल धरून घट्ट होऊ देऊ) नका, डाग उतरतात. प्लास्टिक चुरगळून टाकलं तर त्याच्या सुरकुत्या नकाशासारख्या उमटतात. त्यापेक्षा क्युअरिंग कंपाउंड, म्हणजे ओल आत धरून ठेवणारं द्रावण फवारा. सीलर (वरून मारायचा संरक्षक लेप) मारायची घाई करू नका, अठ्ठावीस दिवस जाऊ द्या.

आणि आता आमच्या कोटेशनवर पहिलीच ओळ ठळक असते: सिमेंट आमच्या निवडीचं, एकाच कंपनीचं, एकाच प्रकारचं, संपूर्ण कामाला पुरेल इतकं आधी साइटवर उतरलेलं. ज्यांना ही अट जड वाटते त्यांचं काम आम्ही घेत नाही.