डब्यातल्या नेवऱ्या मोजल्या त्या दिवशी

चवथीला दोन दिवस होते आणि सकाळी आईची उपाशीपोटीची शुगर 218 आली. एरवी 125-130 असते म्हणून बोट नीट पुसून दुसऱ्या स्ट्रिपवर परत घेतली, तर 211. आदल्या रात्रीच नेवऱ्या, म्हणजे आमच्या गोव्याकडच्या करंज्या, तळल्या होत्या, आईला त्या किती आवडतात ते मला माहीत, त्यामुळे ती आंघोळीला गेल्यावर मी डबा उघडून मोजल्या. साठ केल्या होत्या, साठच्या साठ होत्या. झाकण लावेपर्यंत आई मागे उभी. "एकसुद्धा तोंडात घातली नाही गे मी," एवढंच म्हणाली आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान निवडायला बसली. तो आवाज अजून कानात आहे.

तेव्हा घरात काय चाललं होतं ते मी लक्षातच घेतलं नव्हतं. बाबांच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, रिपोर्ट यायचा होता, आणि आई आठवडाभर रात्री दोन दोनला उठून बाल्कावावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसायची. डॉक्टरांनी खाण्याचं विचारायच्या आधी "घरात काही टेन्शन आहे का?" विचारलं आणि आईला रडू फुटलं.

डॉक्टरांनी समजावलं आणि नंतर मी स्वतः वाचलं ते असं, की आपल्या लिव्हरमध्ये साधारण 100 ग्रॅम साखर ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते. मेंदूला धोका जाणवला की तिथल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडून नसांमार्फत मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना निरोप जातो, अ‍ॅड्रिनलिन हे हार्मोन सुटतं आणि लिव्हर ती साखर रक्तात सोडायला लागतं, म्हणजे पळायला किंवा लढायला ताकद मिळावी. त्याच वेळी रक्तातली साखर पेशींत पोचवणारं इन्सुलिन कमी सुटतं. ताण दिवसेंदिवस राहिला तर कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, ते लिव्हरला प्रोटीनपासूनसुद्धा नवीन साखर बनवायला लावतं आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. कॉर्टिसॉल तसंही पहाटेच चढलेलं असतं. आता आई काही पळत नव्हती, बसून होती, मग ती साखर जाणार कुठे? निरोगी माणसाचं शरीर सावरून घेतं, डायबेटिसवाल्याचं घेऊ शकत नाही.

हे काही आज कळलेलं नाही. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या लिखाणात 1913 च्या हार्वर्डच्या फुटबॉल खेळाडूंची नोंद आहे, मोठ्या मॅचनंतर 25 जणांची लघवी तपासली तर 12 जणांच्या लघवीत साखर निघाली, आणि त्यातले पाच जण तर मैदानात उतरलेच नव्हते, राखीव म्हणून नुसते बसून होते! ते पाच जण वाचले आणि मला आईच दिसली. 2025 मध्ये तर उंदरांवरच्या संशोधनात अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीती ओळखणारा भाग, तिथून हायपोथॅलॅमसमधून थेट लिव्हरपर्यंत जाणारी वाट सापडली, अ‍ॅड्रिनलच्या हार्मोन्सची वाट न बघता साखर वाढवणारी.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात डायबेटिसचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यातच निघालं, 26.4 टक्के, म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एक. त्यामुळे आकडा वाढला की "काय खाल्लंस?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो, आणि तो किती लागतो ते विचारणाऱ्याला कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. खाण्याकडे बघायचं नाही असं मी म्हणत नाहीय, आणि टेन्शनमुळे असेल म्हणून गोळ्या मनाने कमीजास्त करणं तर अजिबात नको, आकडे चढेच राहिले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण ताप, इन्फेक्शन, झोप, काळजी हेही विचारा ना.

रिपोर्ट चवथीनंतर आला, गाठ साधी निघाली. त्याच गोळ्या, तेच जेवण, आणि चौथ्या सकाळी 139. आईच्या शुगरच्या वहीत आता आकड्याच्या बाजूला मी आणखी एक रकाना आखलाय, झोप आणि मनाचा. पहिल्या दिवशी तिने त्यात लिहिलं, "हे नीट झोपले. मीही."