स्वच्छ वाळू आणि उपाशी समुद्र काकडी

न्यू जर्सीतल्या आमच्या घरी 75 गॅलनची, म्हणजे सुमारे 280 लिटरची, माशांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात मी पहिली समुद्र काकडी, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काकडीसारखा लांबट, मऊ प्राणी, आणला, तेव्हा रत्नागिरीहून फोनवर आईने कोशिंबीर कधी करणार, असे विचारले होते. ती काकडी पाच महिन्यांत गेली, आणि तिच्या मरणाला माझी स्वच्छतेची हौस कारणीभूत होती, असे मला आजही वाटते.

‘टायगर टेल’ या नावाने होलोथुरिया या प्रजातीतल्या समुद्र काकड्यांच्या एकाहून अधिक जाती विकल्या जातात; माझी त्यांपैकीच एक. माझी काकडी शेपटीकडचा भाग खडकाच्या कपारीत रोवून पुढचा भाग लांबवर पसरवीत असे आणि तोंडाभोवतीच्या शुंडकांनी वाळू उचलून गिळत असे. वाळूच्या कणांवरचे जिवाणू, शैवाल आणि कुजका गाळ पचवून ती उरलेली वाळू शेवेच्या तुकड्यांसारखी मागे टाकते. म्हणजे आपण ज्याला घाण म्हणतो, तेच तिचे जेवण असते. माझी टाकी जेमतेम तीन महिन्यांची होती, आणि मी दर आठवड्याला नळीने वाळू उपसून धूत होतो.

उपाशी काकडी हळूहळू आक्रसत जाते. पण एरवीही ती मनाला येईल तेव्हा आखडते आणि पसरते, त्यामुळे ती खरोखर बारीक झाली आहे, हे नुसत्या नजरेला कळत नाही. मला ते कळले, तेव्हा तिची कातडी विरघळू लागली होती. बऱ्याच जातींच्या अंगात होलोथुरिन नावाचे विष असते. काकडी मेली किंवा पंपात अडकून फाटली, तर ते पाण्यात उतरून मासे मरू शकतात. मी तिला लगेच बाहेर काढले, एक तृतीयांश पाणी बदलले आणि फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा घातला. मासे वाचले.

दुसरी काकडी आणण्यापूर्वी मी टाकी वर्षभर मुरू दिली आणि पंपाच्या प्रत्येक तोंडाला स्पंज बसवला. क्षारता बदललेली या प्राण्यांना सोसत नाही, म्हणून पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी दोन तास थेंबथेंब सोडले. दुकानात लालजांभळे ‘सी ॲपल’ही होते. तीही समुद्र काकडीच, मात्र पाण्यात तरंगणारे सूक्ष्म अन्न गाळून खाणारी. घरच्या टाकीत तिला पुरेसे अन्न मिळणे फार कठीण, त्यामुळे ती विकूच नये, असे माझे मत आहे.

भारताने 2001 मध्ये समुद्र काकड्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत केला, त्यामुळे हा छंद मी रत्नागिरीत करू शकलो नसतो.

आता वाळू धुणे मी सोडून दिले आहे. सकाळी चहा घेताना टाकीच्या तळाशी शेवेचे ताजे तुकडे दिसले, की रात्री तिचे जेवण झाले आहे, एवढे मला कळते. ज्या दिवशी ते दिसत नाहीत, त्या दिवशी काचेजवळच्या वाळूत बुडणाऱ्या खाद्याची एक गोळी पुरून मी कामाला जातो.