आजीची तीन नावं आणि एक प्रदर्शन: माझा अनुभव

तुमच्या आजीला माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं असतील, तर आज संध्याकाळीच तिच्याकडून एका कागदावर दोन्ही नावं लिहून सही घ्या. कशाला ते पुढे येईलच. मी घेतली नव्हती, म्हणून माशेलहून पणजीला अकरा खेपा घातल्या.

आजी 2021 साली गेली, 86व्या वर्षी. चित्रं काढायला लागली ती 68व्या वर्षी, आजोबा गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. पहिले रंग माझ्या भावाच्या दप्तरातले. ते संपले तेव्हा आजीबाईंनी घरामागची तांबडी माती मलमलीतून चाळली आणि डिंकाच्या पाण्यात कालवली. तिचं माहेर पेडण्याचं. लहानपणी देवळाच्या भिंतीवर कावी बघितलेली: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरायचा, म्हणजे आतला पांढरा रंग उघडा पडतो. "भिंत कागदावर आणतेय, बाकी काय," एवढंच म्हणायची. कागद तरी कसले, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि शर्टच्या खोक्यातले पुठ्ठे.

निम्मी चित्रं माटोळीची. चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती सगळी रानातली फळं तिच्या चित्रांत आहेत. आंबाडे, घागऱ्यो, तोरिंगं, सुपारीचे घोस. कवंडाळ काढायचं असलं की आधी दोरीची गाठ काढायची, मग फळ. "गाठ सैल राहिली तर देवाच्या डोक्यावर पडेल ना गो!" चित्राच्या कोपऱ्यात उजवीकडे बारीक अक्षरात सही: शेवंती.

तिथेच घोडं अडलं.

प्रदर्शन भरवायचं ठरलं, पणजीतलं एक दालन चतुर्थीच्या आधी आठवडाभर मोकळं मिळालं, डिपॉझिट भरलं, फ्रेमा झाल्या. या सगळ्याला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत. मग फॉर्म दिला. फॉर्मवर "चित्रकाराची सही" असा रकाना. मी लिहिलं, कैलासवासी. खिडकीमागच्या गृहस्थांनी मृत्यूचा दाखला मागितला. दाखल्यावर नाव सत्यभामा, कारण लग्नात आजोबांच्या घरच्यांनी ते ठेवलं. त्यांनी चित्रांचे फोटो बघितले, दाखला बघितला, परत फोटो बघितले.

"बाय, ही शेवंती कोण?"

"माझी आजी."

"मग ही सत्यभामा?"

"तीसुद्धा माझीच आजी."

"शेवंतीची परवानगी आणा."

हे थट्टेत म्हणाले असते तर मीही हसले असते. त्यांना खरंच वाटत होतं की मी कुणा दुसऱ्या बाईची चित्रं आजीच्या नावावर खपवतेय. पुढच्या खेपेला आधार कार्ड नेलं, त्यावरही सत्यभामाच. शेजारच्या काकांनी सुचवलं, जन्माचा तेओर काढ. म्हणजे जन्मनोंदीची जशीच्या तशी नक्कल. आजीचा जन्म 1935चा, म्हणजे नोंद पोर्तुगीजमध्ये, तिरप्या शाईच्या अक्षरात. ती मात्र मुकाट्याने मिळाली. पण पोर्तुगीजमध्ये 'श' लिहायला एक्स वापरतात. त्यामुळे नक्कल खिडकीतून आत गेली आणि आतून प्रश्न आला, "आता ही झेवंती कोण?"

मी त्या दिवशी खिडकीसमोरच्या बाकावर बसून रडले. लपवत नाही. आजीसाठी दोन वर्षांत एवढं रडले नव्हते.

नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या: अमुक, तमुक आणि टमुक या तिन्ही एकच व्यक्ती. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर आठ खेपा वाचल्या असत्या. तिन्ही नावं प्रत्येक कागदावर आहेत तशी, अक्षर न अक्षर, चुकीच्या स्पेलिंगसकट लिहा. मी पहिल्यांदा स्पेलिंग सुधारून लिहिलं आणि ते परत आलं.

मधेच आठवलं म्हणून सांगते, चित्रं काचेला चिकटवून फ्रेम करू देऊ नका. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची जागा हवीच. आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत कागद काचेला धरतो. आजीची दोन चित्रं अशीच गेली, मातीचा रंग काचेवर राहिला.

प्रतिज्ञापत्र झालं, तर वारसांची संमती हवी म्हणाले. यात त्यांचं अगदीच चुकलं नाही. चित्रकार गेल्यावर कॉपीराइट वारसांकडे जातो आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. पण गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यानं मुलींचा वाटा मुलांइतकाच, आणि नवराबायकोची मालमत्ता सहसा एकत्र धरतात. म्हणून बाबा, काका, तिन्ही आत्या यांच्या सह्या तर हव्याच, शिवाय आई, काकी आणि आत्यांच्या यजमानांच्याही. घर विकत नव्हतो हो आम्ही, भिंतीवर चित्रं टांगत होतो! मोठ्या आत्याचे यजमान बोटीवर नोकरीला. त्यांची सही येईपर्यंत तीन आठवडे मी दर खेपेला खिडकीवर "फाल्यां येयात", म्हणजे उद्या या, हे ऐकायच्या आधीच मनात म्हणून घ्यायचे.

सह्या गोळा करताना प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती घ्या. एक ऑफिसात हरवतेच.

दालनाच्या पत्रकासाठी चुलतभावानं लिहून आणलं होतं, अमेरिकेची ग्रँडमा मोझेस सत्तरी उलटल्यावर चित्रांकडे वळली वगैरे. मी ते काढून टाकलं. आजीनं तिचं नाव ऐकलं नव्हतं, तिला माटोळीची गाठ महत्त्वाची.

उद्घाटनाच्या सकाळी गेलो तर दारावर फलक: कै. सत्यभामा ऊर्फ शेवंती ऊर्फ झेवंती यांची चित्रे. प्रतिज्ञापत्रावरून उतरवलेलं. धाकट्या आत्यानं पर्समधून मार्कर काढला आणि शेवंती सोडून बाकी सगळं खोडलं. खिडकीमागचे गृहस्थ बघत होते, काही बोलले नाहीत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आत आले, माटोळीच्या मोठ्या चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "यात माट्टी नाही दिसत." माट्टी म्हणजे माटोळीतलंच एक रानफळ. खरंच नव्हती. का, ते आजीला विचारायचं राहून गेलं.

डिपॉझिट अजून परत मिळालेलं नाही. फाल्यां म्हणतात.